पुरे कोणी म्हणायचं

सासूबाईंना काही विचारायचं असेल तर घरात विचारू नये, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. घरात त्यांचे हात सतत कशात तरी गुंतलेले असायचे, आणि हात गुंतलेले असले की त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू." त्या बघूच्या पलीकडे काय आहे ते आजवर घरात कोणीच बघितलेलं नव्हतं. म्हणून त्यांना बाहेर न्यायचं, टेबलापाशी बसवायचं, हाताला काही काम ठेवायचं नाही, आणि मग विचारायचं, असा बेत ठरला.

विचारायचं होतं एवढंच, की तुम्ही इथेच राहाल का?

बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून हॉस्पिटलात रुजू व्हायचं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे पुन्हा चालते करणं हे तिचं काम, आणि सासूबाई तिला, कौतुकानं की चिडवायला कोण जाणे, "हाडवैद्य" म्हणायच्या. त्या आल्या होत्या बाळ मान धरेपर्यंत. बाळानं मान धरली, कूस बदलली, बसायला शिकलं, आता तर टेबलाखाली रांगत जाऊन बापाची चप्पल चाटायला लागलं, तरी त्या होत्याच. बाळाचं घरातलं नाव गठुडं. हे नावही सासूबाईंनीच ठेवलेलं. कागदोपत्री त्या मुलीला एक सुंदर नाव होतं, आईबापांनी आठवडाभर भांडून निवडलेलं, पण आता त्या नावानं हाक मारली तर खुद्द गठुडंही वळून बघत नसे.

सासूबाई राहिल्या तर सगळं सुतासारखं सरळ होतं. पण लक्षणं बरी नव्हती. कपाटावरची त्यांची बॅग खाली उतरली होती. का, तर म्हणे ऊन दाखवायला. शिवाय त्यांच्या गावची शेजारीण, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हल्ली रोज फोन करायची आणि सासूबाई खोलीचं दार लोटून घेऊन बोलायच्या. आतून हसण्याचे आवाज यायचे. तिनं नवऱ्याला म्हटलं, तूच विचार ना, तुझी आई आहे. तो म्हणाला, माझी आहे म्हणूनच मला माहीत आहे, मी विचारलं तर ती आधी मी नखं कापलीत का ते बघेल. वर उदारपणे म्हणाला, तुम्ही दोघी जा, गठुड्याला मी सांभाळतो. माणूस संकटातून निसटतानाही किती प्रेमळ दिसू शकतो, याचा तो उत्तम नमुना होता.

जागा सुचवली हॉस्पिटलातल्या एक्स-रेवालीनं. शहरात काय नवीन उघडलं हे तिला दुकानदारांच्या आधी कळायचं. नवं कोरियन रेस्टॉरंट आहे, ती म्हणाली, तिथे रुसलेलं माणूससुद्धा खूश होऊन बाहेर पडतं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी का, कशाला, काहीच विचारलं नाही. ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, कानामागे अत्तराचं बोट लावलं आणि ठरल्या वेळेआधीच दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा. तिच्या मनात आलं, यांना कुणकुण लागली की काय.

रेस्टॉरंट नवीन होतं, पण मुद्दाम अर्धवट बांधल्यासारखं ठेवलेलं. भिंतींना गिलावा नाही, छताचे पाइप उघडे, आणि प्रत्येक टेबलावर धूर ओढायला एकेक नळकांडं हत्तीच्या सोंडेसारखं लोंबत होतं. समोरच्या भिंतीवर गुलाबी दिव्यांची कोरियन अक्षरं. सासूबाईंनी हे सगळं वरून खालून पाहिलं आणि हळूच विचारलं, काम पुरं व्हायच्या आधीच उघडलं का यांनी, फार घाई होती का बिचाऱ्यांना? तिनं समजावलं की हल्ली असंच असतं, ही फॅशन आहे.

"मग आपलं न्हाणीघर फारच फॅशनेबल म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि बसायला खुर्ची शोधू लागल्या.

खुर्च्या नव्हत्या. पिंपासारख्या गोल बैठका होत्या, वर उशीचं झाकण. झाकण उघडून पर्स आत टाकायची, झाकण लावायचं आणि त्यावर बसायचं. हे मात्र त्यांना मनापासून पटलं. आपल्या पर्सवर आपण बसून जेवायचं, याहून सुरक्षित व्यवस्था त्यांनी पाहिली नव्हती. टेबलाच्या कडेला एक खण होता, त्यात चमचे आणि स्टीलच्या चपट्या काड्या. त्यांनी एक काडी उजेडात धरली, डाग नाही याची खात्री केली, टेबलाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवून बोटाकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरून कळलं की रेस्टॉरंट पास झालं आहे.

ही तपासणी त्यांच्या अंगात मुरलेली होती. जन्मभर त्यांनी मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाचं भोजनगृह चालवलं. मुली त्यांना मागून "फौजदार" म्हणायच्या, आणि त्यांना ते माहीत होतं. ताटं परत करायच्या खिडकीपाशी त्या उभ्या राहायच्या. कोणाच्या ताटात घासभर काही उरलेलं दिसलं तर ओरडायच्या नाहीत, फक्त त्या ताटाकडे बघायच्या. मुलगी आपण होऊन मागे फिरायची आणि घास संपवूनच परत यायची. निवृत्तीनंतर खिडकी राहिली नाही, पण ते बघणं राहिलं. त्यांचा मुलगा, एका ऑफिसात दहा माणसांवर साहेब असलेला, आजही ताट बोटानं निपटून उठायचा.

तिनं कोंबडी आणि मश्रूम मागवले, एक भाताचा दगडी वाडगा मागवला. आता सुरुवात करावी म्हणून घसा साफ केला, तेवढ्यात दंडावर नेच्याचं पान गोंदलेली एक एप्रनवाली मुलगी आली आणि तिनं टेबलभर लहान लहान वाट्या मांडल्या. लालभडक कोबीची किमची. तिळाच्या तेलातला पालक. सोयाबीनचे मोड. गोडसर बटाटे. मुळ्याचे पिवळे काप. काचेच्या तुकड्यांसारखे चमकणारे चिमुकले सुके मासे.

मागवल्याशिवाय आलं, म्हणजे सुनेनं आधीच सांगून ठेवलं असणार, असं सासूबाई धरून चालल्या. आणि सासूबाई इतक्या भराभर एकेक वाटी पुढे ओढायला लागल्या, म्हणजे त्यांना फारच आवडलं असणार, असं ती धरून चालली. दोघी एकमेकींचं मन राखणाऱ्या. असल्या दोन माणसांत खरं काय ते कळायला वेळ लागतो.

ती म्हणाली, सोमवार किती लवकर आला ना. सासूबाई म्हणाल्या, हो, सोमवारला तेवढंच काम असतं. ती म्हणाली, तिच्या विभागाच्या प्रमुख बाई फार वाट बघताहेत. सासूबाईंनी मोडांची वाटी निपटत विचारलं, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं? मग थोडा वेळ प्रमुख बाईंच्या गुडघ्यावर गेला. नमनालाच घडाभर तेल जळालं. तोवर सगळ्या वाट्या लखलखीत रिकाम्या झाल्या होत्या. सासूबाईंनी हात पुसले आणि आपलं कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानानं मागे रेलायला गेल्या. पिंपाला पाठ नव्हती. त्या सावरल्या.

एप्रनवालीनं लांबून रिकाम्या वाट्या पाहिल्या, आनंदानं आली, वाट्या नेल्या आणि भरून परत आणून ठेवल्या.

सासूबाईंनी वाट्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून प्रेमानं हसली. सासूबाईंनी खोल श्वास घेतला आणि किमचीपासून सुरुवात केली.

पुढे बराच वेळ हेच चाललं. टेबलाच्या मधोमध शेगडी होती, तिच्या जाळीवर कोंबडी आली. एप्रनवालीनं दोघींनाही एकेक एप्रन बांधला, चिमटा आणि चक्क कात्री काढून तुकडे कापले, आणि जाळीला हात लावायचा नाही म्हणून दोघींना गोड दम दिला. एरवी कात्री कागदाला आणि सुरी खाण्याला असा कडक कायदा चालवणाऱ्या सासूबाई मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यावरच फौजदारी केली होती. पण ती मुलगी वळली रे वळली की त्या वाट्यांकडे वळायच्या. पालक संपला, पालक आला. मासे संपले, मासे आले. गोडसर बटाटे तर त्यांनी डोळे मिटून गिळले. एप्रनवाली स्वयंपाकघराच्या दारातल्या कुणाला तरी बोटानं दाखवून सांगत होती, त्या आजी बघा, त्यांना किती आवडलंय.

इकडे ती गोलगोल फिरत होती. तिकडे हवा कशी आहे म्हणे तुमच्या गावाला? ऑपरेटरबाई कशा आहेत? तुमचं तिथलं घर वरच्या मजल्यावर, जिने चढायला त्रास नाही ना होत? सासूबाईंची उत्तरं गुळमुळीत यायची. हवा बरी आहे. ती बरी आहे. जिने काय, असतातच जिने. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, या खेळात दोघीही पटाईत होत्या. भांडं कुणाचं मोठं एवढंच ठरायचं बाकी होतं.

शेवटी मुळ्याच्या पिवळ्या कापांची वाटी पुन्हा एकदा भरून आली. सासूबाईंनी काड्यांत एक काप धरला, तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. एप्रनच्या नाड्या त्यांनी मघाच सैल केल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. किमचीचं असेल असं तिला वाटलं.

"हाडवैद्य," त्या म्हणाल्या, "आता त्यांना पुरे म्हण. निरोप द्यायचा तर एका ताटात द्यावा गं. इतका वाढीव देऊ नये."

"कसला निरोप?"

सासूबाईंनी काप परत वाटीत ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हातातला घास खाली ठेवला असेल. मग थोडं थोडं करत सांगितलं. वसतिगृहात मुली कायमच्या जायला निघाल्या की आदल्या दिवशी त्यांना खास जेवण असायचं. टेबलावर स्वच्छ चादर, रोज नसणारे पदार्थ, आणि त्या दिवशी कुणी किती घेतलं याकडे फौजदारसुद्धा बघायच्या नाहीत. सुनेनं जेवायला बाहेर चला म्हटलं तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की हे आपलं जेवण आहे. नोकरी सुरू होणार, घर पुन्हा दोघांचं होणार. सून चांगल्या वळणाची, जा म्हणवत नाही म्हणून जेवू घालतेय. तेव्हा तिनं मागवलेलं एवढंसुद्धा टाकायचं नाही, असा निश्चय करून त्या आल्या होत्या.

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं आधी सांगितलं की त्या वाट्या तिनं मागवल्याच नव्हत्या. तोवर एप्रनवाली पाण्याचा जग घेऊन आलीच होती. सुनेनं विचारल्यावर तिनं समजावलं की आमच्याकडे असंच असतं, वाटी रिकामी दिसली की पाहुण्याला आणखी हवं आहे असं आम्ही समजतो, नको असेल तर थोडं ठेवायचं.

"थोडं ठेवायचं," सासूबाई पुटपुटल्या. शत्रूच्या देशाचा कायदा समजून घेतल्यासारखा चेहरा केला. मग एप्रनवालीचा हात थोपटून म्हणाल्या की स्वयंपाक चांगला आहे, फक्त बटाट्यात साखर जास्त झाली, आणि हे मी चवीनं नाही, अनुभवानं सांगतेय.

मुलगी गेली. आता लपवायला भांडं उरलं नव्हतं.

"आई, मी निरोप द्यायला नाही आणलं तुम्हाला. राहा म्हणायला आणलंय. इथेच. आमच्याकडे."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. इतकं सरळ, इतकं मोठं हसू तिनं गठुड्याचा पहिला दात दिसला तेव्हाच पाहिलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. आणि ते हसू तसंच ठेवून सासूबाई म्हणाल्या,

"नाही गं. मी नाही राहणार."

जाळीवर एक मश्रूम काळा पडत होता. दोघींपैकी कोणीच उचलला नाही.

त्यांनी सांगितलं ते फार सुसूत्र नव्हतं. ऑपरेटरबाई आणि त्या पोहायला शिकणार होत्या. या वयात, हो. नाव घालून झालं होतं. सकाळी उठून कुणाचंच काही न करता चहा पिण्याची त्यांना फार वर्षांची हौस होती. ती आत्ता कुठे भागायला लागली होती, तेवढ्यात गठुडं आलं. गठुड्यासाठी त्या आल्या ते मनापासून आल्या. पण सोडून जायचं कसं म्हणायचं? आजी असून नातीला टाकून पोहायला गेली म्हणतील. म्हणून रोज उद्यावर ढकलत होत्या. निरोपाचं जेवण आहे असं वाटलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं, खरंच. पण सुटल्यासारखंही वाटलं होतं.

"आता तूच सांग, राहा म्हणालीस तर मी पंचाईतीतच पडले की नाही?"

तिला रागही आला. सासूबाईंचा नव्हे, सगळ्याचाच. पाळणाघराचं नावसुद्धा तिनं काढलं नव्हतं, त्यांना काय वाटेल म्हणून. तिनं तसं म्हटलं. तेव्हा सासूबाई इकडेतिकडे बघायला लागल्या, आणि मग कबुली बाहेर आली. रोज दुपारी बाबागाडीतून गठुड्याला "वारं खायला" नेत होत्या, तेव्हा त्या आसपासची पाळणाघरं हुडकत होत्या. एकाचं स्वयंपाकघर त्यांना आवडलं नाही. एकाच्या बाई फार गोड बोलायच्या. वाचनालयामागचं मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं होतं.

"तिथली मुलं वेगवेगळ्या कारणांसाठी रडतात," त्या म्हणाल्या. "सगळी एकाच कारणासाठी रडत असतील तर समजावं, जागा वाईट आहे."

"मला न विचारता बघितलंत?"

"तू विचारायला लाजत होतीस, मी सांगायला. गठुडंच काय ते मोकळं होतं, पण त्याला बोलता येत नाही."

तिला हसू आलं, आणि हसता हसता जे बोलायचं ठरवलेलं नव्हतं तेच बोलून गेली. पाळणाघराची भीती नाही, ती म्हणाली. भीती अशी, की तुम्ही गेल्यावर पोर रडली तर मला कळणारच नाही का रडतेय. तुम्ही सांगता, भूक लागलीय, कान दुखतोय, मग मला कळतं. माझं मला काहीच कळत नाही. रुग्ण दारातून आत आला की त्याचा कुठला पाय दुखतो ते मी सांगते, आणि माझ्या पोरीचं मला कळत नाही.

सासूबाईंनी रुमालानं तोंड पुसलं. जरा पुढे वाकल्या.

"एक सांगू? कुणाला सांगू नकोस. मलाही कळत नाही. अंदाजानं ठोकून देते. त्यातलं अर्धं चुकतं. पण तोवर ती रडून दमलेली असते, आणि तुम्हाला वाटतं, आई म्हणाली तेच होतं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं न चुकणारी म्हणून घरात वावरणारी बाई पिंपावर बसून, एप्रन सैल सोडून, निर्लज्जपणे हसत होती.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. पलीकडून गठुडं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं रडत होतं. दूध दिलं, लंगोट बदलला, खांद्यावर घेतलं, नाचून झालं, तो म्हणाला, आता आईला विचार काय करू. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीवरची गुलाबी अक्षरं वाचत होत्या, जणू जन्मभर कोरियन शिकल्या होत्या.

"मोजे काढ तिचे," ती म्हणाली. "आणि दिवा बारीक कर."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी नुसती भुवई उंचावली. मोजे? तिनं खांदे उडवले. थोड्या वेळानं निरोप आला की मोज्यांचा काही उपयोग झाला नाही, पण ती आता त्याच्या पोटावर झोपली आहे आणि त्याला हलता येत नाही. सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, छान, माझं पहिलं उत्तर यापेक्षा वाईट होतं.

बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. सरळ घरी जायचं तर डावीकडे वळायला हवं होतं. सासूबाई उजवीकडे वळल्या, आणि ती त्यांच्या मागोमाग. वाचनालयाच्या मागची गल्ली. पाळणाघर बंद होतं, पण आत एक छोटा दिवा जळत होता. खिडकी मुलांच्या उंचीची, म्हणून दोघींना वाकून बघावं लागलं. आत बुटकी टेबलं, लोळत पडलेला एक कापडी घोडा, आणि भिंतीला ओळीनं खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र.

"शेवटून दुसरी," सासूबाई म्हणाल्या. "छत्रीची. ती गठुड्याची."

"म्हणजे तुम्ही खुंटीसुद्धा धरून ठेवलीत?"

"नुसतं सांगून ठेवलं. खुंट्या लगेच जातात."

"आणि मी नोकरीला जातच नाही म्हणाले असते तर?"

त्या आत बघत राहिल्या. मग सांगितलं की सोमवारी त्या बरोबर येणार नाहीत. घरी थांबतील, बॅग भरतील. मी आले तर गठुडं रडायला लागल्यावर तू आधी माझ्याकडे बघशील. तिच्याकडे बघ. दोघी मिळून काय ते ठरवा.

तिनं पुन्हा काचेतून आत पाहिलं. छत्रीच्या शेजारच्या खुंटीवर एक निळा मासा होता, एक डोळा मोठा, एक बारीक. कुणीतरी मनापासून काढलेला.

"मला मासा आवडला असता," ती म्हणाली.

"मग सोमवारी त्यांना सांग तसं."

"दुसऱ्या कुणाचा असेल तो."

"असेल. भांड जरा. पहिल्या दिवशी भांडलेली आई त्यांच्या लक्षात राहते."

ती हसली. मग खरोखरच मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागली, आधी फार नम्र, मग जरा कमी नम्र. दोघींच्या श्वासांनी काचेवर धुकं धरलं होतं. सासूबाईंनी रुमाल काढून आपल्या बाजूची काच पुसली, आणि तिची बाजू पुसायला तिच्या हातात रुमाल दिला.